महासाथीचे विज्ञान : कॉलेजच्या वहीतून आपल्या घरात

एप्रिल २०२१. तुमसरच्या आमच्या वस्तीत बहुतेक घरांत कोणी ना कोणी तापाने पडलेले होते. एका घरातल्या आजोबांना ताप आला. पाच दिवस सुई, सलाईन आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या चालल्या. तपासणीला जाऊ, असे घरात कोणी म्हटले की दुसरे कोणी म्हणे, "तिकडे नेलेला माणूस परत येत नाही." सातव्या दिवशी धाप लागली, तेव्हा भंडाऱ्याला नेले. उशीर झाला होता.

त्यांची नात तेव्हा आठवीत होती. आज ती तुमसरलाच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वंदनेनंतर ती आपली जीवशास्त्राची वही घेऊन विहारात आली आणि म्हणाली, "आजोबांना काय झालं होतं, ते आम्हाला आता शिकवलं."

मग चार-पाच रविवार आम्ही त्या वहीभोवती बसलो. तिच्यासोबत विज्ञान शाखेतली आणखी तीन-चार मुले आली. वस्तीतल्या आया, मावश्या, आजोबा प्रश्न विचारत. मुलांना जे येई ते ती सांगत, न येई ते सरांना विचारून पुढच्या रविवारी आणत. पहिल्या वर्षाचा हा धडा अवघड नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो समजतो, हे आम्ही पाहिले. म्हणून ते प्रश्न आणि ती उत्तरे या पानावर देत आहोत.

दिसत नाही, तर विषाणू आहे कुठे?

पहिला प्रश्न एका आजींचाच होता. "दिसत नाही तं हाय कुठं बाप्पा?"

विषाणूचा शोध तंबाखूच्या पानावर लागला, हे ऐकून बिड्या वळणाऱ्या बायांना नवल वाटले. तंबाखूच्या पानावर फिकट-गडद ठिपके पाडणारा एक रोग आहे. रशियातील दिमित्री इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये रोगट पानांचा रस अत्यंत बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. त्या गाळणीत त्या काळी माहीत असलेले सगळे जिवाणू अडकत. तरीही गाळलेल्या रसाने चांगल्या पानांना रोग झालाच. म्हणजे जिवाणूहून कितीतरी बारीक असे काहीतरी त्या रसात होते. हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ मध्ये त्याच प्रयोगातून पुढे जाऊन त्याला 'व्हायरस' म्हटले. मराठीत आपण विषाणू म्हणतो.

हा किती बारीक? कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. एका मिलीमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात. म्हणजे एका मिलीमीटरवर १० हजार विषाणू एका ओळीत बसतील. आपल्या तुमसरच्या बाजारातला तांदळाचा दाणा ६ मिलीमीटर लांब धरला, तर त्याच्या लांबीवर ६० हजार विषाणूंची रांग लागेल. डोळ्यांना तो दिसणार कसा? कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

त्याची रचना मात्र साधी आहे. मुलांनी धानाचा दाणा हातात घेऊनच ती समजावली. आत तांदूळ, बाहेर तूस. विषाणूतही आत एक संदेश असतो, म्हणजे आनुवंशिक द्रव्य. ते डीएनए असते किंवा आरएनए. त्याभोवती प्रथिनांचे कवच. काही विषाणूंना त्याच्याही वर चरबीचे पातळ आवरण असते. कोरोना आणि फ्लू या दोघांनाही ते असते. बस, एवढेच. त्याला पोट नाही, श्वास नाही, स्वतःची वाढ करण्याची सोय नाही. कोठीत ठेवलेले धान जसे वर्षभर निपचित पडून असते आणि बांधीत ओल मिळाली की उगवते, तसा विषाणू बाहेर निपचित असतो. त्याची बांधी म्हणजे जिवंत पेशी. फरक एवढाच, की धान कोठीत वर्षभर टिकते, कोरोनासारखा विषाणू शरीराबाहेर काही तास, फार तर काही दिवस टिकतो.

जिवाणू आणि विषाणू एकच ना?

नाही. आणि या एका गल्लतीपायी आपल्या वस्त्यांतला कितीतरी पैसा वाया जातो.

जिवाणू ही पूर्ण, जिवंत पेशी असते. ती स्वतः खाते, वाढते, एकाची दोन होते. विषाणूपेक्षा साधारण दहा-वीस पट मोठी. टीबी, कॉलरा, टायफॉइड, प्लेग हे जिवाणूंचे आजार. सर्दी, फ्लू, कोरोना, गोवर, कांजिण्या, डेंग्यू, रेबीज, पोलिओ हे विषाणूंचे.

सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा केली आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. पण त्या काळी प्लेगच्या जिवाणूला मारणारे औषधच नव्हते. आज असते तर योग्य अँटिबायोटिक वेळेत देऊन प्लेगचा रोगी वाचवता येतो.

अँटिबायोटिक काम कसे करते? काही अँटिबायोटिक जिवाणूच्या पेशीची भिंत फोडतात, काही त्याचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडतात. विषाणूला भिंतही नाही आणि कारखानाही नाही. मग औषध वार करणार कशावर? म्हणून सर्दी-खोकल्याच्या, फ्लूच्या, कोरोनाच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. विषाणूच्या आजारानंतर फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया झाला, तर डॉक्टर ते देतात, ती गोष्ट वेगळी. पण दर तापाला स्वतःहून गोळ्या घेतल्या, अर्धवट सोडल्या, तर जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडेल त्या दिवशी तेच औषध चालत नाही.

आजोबांच्या पाच दिवसांत पैसा गेलाच. त्याहून मोलाचा वेळ गेला.

शरीरात शिरून तो करतो तरी काय?

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर अनेक कुलुपे असतात. ती शरीराच्या स्वतःच्या कामासाठी असतात. कोरोनाच्या विषाणूवर काटे असतात, त्यांना स्पाइक म्हणतात. हा काटा आपल्या पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या कुलपात किल्लीसारखा बसतो. नाक, घसा आणि फुप्फुस यांतल्या पेशींवर ही कुलुपे आहेत. म्हणून हा आजार श्वासावाटे शिरतो.

दार उघडले की विषाणू आपला संदेश आत सोडतो. कोरोनाचा संदेश सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. माणसाचा स्वतःचा संदेश सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. पण पेशीचा कारखाना संदेश कोणाचा ते विचारत नाही. समोर आलेला आराखडा वाचतो आणि माल बनवतो. तो विषाणूची प्रथिने आणि संदेशाच्या नकला बनवू लागतो. काही तासांत नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशी गाठतात.

शरीर गप्प बसत नाही. ताप हे शरीराचेच हत्यार आहे. मग लढाऊ पेशी येतात. काही पेशी विषाणूला चिकटून त्याची किल्ली निकामी करणारी प्रतिपिंडे तयार करतात, काही पेशी विषाणूने ताब्यात घेतलेल्या पेशीच नष्ट करतात. बहुतेक लोक आठवड्याभरात या बळावर बरे होतात.

पण काहींमध्ये पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही लढाई हाताबाहेर जाते. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांना सूज येते, त्यांत पाणी साचते, रक्तात प्राणवायू जाईना होतो. कोरोनात एक फसवी गोष्ट होती. प्राणवायू कमी झाला तरी काही रुग्णांना सुरुवातीला धाप जाणवत नसे. ते बोलत, चहा पीत, आणि घरचे म्हणत, आता बरे आहेत. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली गेला की ताबडतोब न्यायला हवे होते. आजोबांच्या घरी तो शंभर ग्रॅमचाही नसलेला डबा नव्हता आणि आकड्याचा अर्थही कोणाला ठाऊक नव्हता. वहीतले हे पान त्या मुलीने दोनदा वाचून दाखवले.

याच वेळी, प्राणवायूची गरज पडलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडने अनेक जीव वाचले. तेच औषध सौम्य तापात, डॉक्टरला न विचारता घेतले तर प्रतिकार कमी होतो आणि साखर वाढते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण वाढले, त्यांत मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणे होती.

साबणाने विषाणू खरेच जातो का? आणि नाकातली ती काडी?

तेलकट गंज नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण किंवा राख लागते. कारण साबणाचा एक हात चरबी धरतो आणि दुसरा पाणी. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंचे बाहेरचे आवरण चरबीचे आहे. साबण ते आवरण फाडतो आणि विषाणूचा डोलाराच कोसळतो. त्यासाठी वीस सेकंद चोळावे लागते. महागडा साबण लागत नाही, कपड्याची वडीसुद्धा चालते.

मात्र हे श्वासाचे आजार मुख्यतः हवेतून पसरतात. बंद खोलीत खोकणाऱ्या, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातून निघालेले बारीक कण हवेत तरंगत राहतात. चुलीचा धूर जसा बंद घरात कोंडतो आणि खिडकी उघडली की निघून जातो, तसेच या कणांचे असते. म्हणून हात धुणे हवे, आणि त्याच्या जोडीला मोकळी हवा आणि मास्कही हवा.

तपासणीची काडी मेंदूपर्यंत जाते, अशी एक भीती होती. ती नाकाच्या मागच्या भागापर्यंतच जाते. मेंदू त्यापासून हाडाने वेगळा आहे. त्या काडीवर विषाणूचे चार-दोन संदेश जरी आले, तरी यंत्र त्यांच्या नकला काढते. प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. मग तो ओळखू येतो. आरटी-पीसीआर म्हणजे हेच.

चांदीपुरा जगभर का गेला नाही?

हा प्रश्न एका मुलानेच विचारला, आणि सगळ्यांत जास्त चर्चा यावर झाली.

नागपूरजवळच्या चांदीपुरा या ठिकाणी १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. तो शोधला पुण्याच्या संस्थेने, जी १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या गावी सापडला त्याचेच नाव त्याला मिळाले. आपल्या विदर्भातल्या ठिकाणाचे नाव आज जगभरच्या विषाणूंच्या पुस्तकांत आहे. हा विषाणू लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याची साथ आली. पोरे एक-दोन दिवसांतच दगावतात, इतका तो घातक आहे.

मग तो कोरोनासारखा जगभर का गेला नाही? कारण तो माणसाकडून माणसाकडे जात नाही. त्याला वाळूमाशी लागते. भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर मातीत राहणारी ही बारीक माशी जिथे आहे, तिथपर्यंतच तो जातो. कोरोनाला मात्र माशी लागली नाही. माणसाचा श्वासच त्याला पुरला, आणि माणूस आगगाडीने आणि विमानाने फिरतो. त्यातही अंगात लक्षणे दिसण्याआधीच माणूस तो पसरवू लागतो.

एक आजारी माणूस सरासरी किती जणांना आजार देतो, हा आकडा वहीत महत्त्वाचा होता. लस नसलेल्या लोकांत गोवराचा हा आकडा १२ ते १८. सुरुवातीच्या कोरोनाचा २ ते ३. दोन हा आकडा लहान वाटतो. पण एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा वेळा झाले की १,०२४ होतात, आणि वीस वेळा झाले की दहा लाखांच्या वर. आजारी माणूस घरी वेगळा राहिला, मास्क लावला, गर्दी टळली, की हा आकडा खाली येतो. तो एकाच्या खाली आला की साथ विझते. २०२० मध्ये १४ एप्रिलची जयंती आपण आपापल्या घरी साजरी केली आणि त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा मेळाही भरला नाही. मनाला लागले. पण त्या गर्दीतून हा आकडा किती वाढला असता, ते आता मुले गणित मांडून दाखवतात.

एखाद्या भागात रोगी अचानक वाढले तर ती साथ. अनेक देशांत, खंडांत पसरली तर महासाथ. कोरोनाला जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ म्हटले. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण त्याच्या दोनच दिवस आधी, ९ मार्चला पुण्यात सापडले होते.

नवा विषाणू येतो कुठून?

बहुतेक वेळा प्राण्यांकडून. प्राण्यांत आणि पक्ष्यांत असंख्य विषाणू राहतात. त्यांची किल्ली आपल्या कुलपाला बसत नाही. पण नकला काढताना चुका होतात, जशा हाताने पुस्तक उतरवताना अक्षरे चुकतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादी चूक मात्र किल्लीला नवे दाते देते. २०२० च्या अखेरीस भारतात प्रथम आढळलेला आणि पुढे 'डेल्टा' म्हणून ओळखला गेलेला प्रकार अशाच बदलांतून आला. २०२१ चा तो एप्रिल डेल्टाचा होता.

फ्लूची आणखी एक खोड आहे. त्याचा संदेश एकसंध नसून आठ तुकड्यांत असतो. एकाच डुकराला पक्ष्याचा आणि माणसाचा फ्लू एकदम झाला, तर त्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. २००९ चा स्वाइन फ्लू तसाच तयार झाला होता. त्याचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला.

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. हा विषाणू अजून माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही. म्हणूनच कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या उघड्या हाताने उचलू नयेत, कापून खाऊ नयेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

लस घेऊनही कोरोना झाला, मग उपयोग काय?

एकदा लढलेल्या शत्रूची ओळख शरीरातल्या काही पेशी जपून ठेवतात. लस ही ओळख आजार न होऊ देता करून देते. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेत वेगळा काढलेला विषाणू वाढवून, मारून वापरला आहे. मेलेला विषाणू वाढू शकत नाही. कोविशिल्डमध्ये वाढ न होणारा दुसरा एक निरुपद्रवी विषाणू फक्त काट्याचा आराखडा घेऊन येतो. आपल्या मूळ संदेशात तो काही बदल करत नाही. लसीने मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, या अफवांना कसलाही आधार नव्हता. कोविशिल्डनंतर अगदी क्वचित कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण कोरोनाने होणाऱ्या हानीपुढे तो धोका फार लहान होता.

लस म्हणजे दाराला लावलेले कुलूप नव्हे. चोर दारात येऊ शकतो, पण घर जागे असते. म्हणून लस घेतलेल्यांना आजार झाला तरी जीव जाण्याची वेळ फार कमी जणांवर आली. लसीच्या बळावरच देवी हा रोग जगातून गेला, १९८० मध्ये तशी घोषणा झाली. भारतात पोलिओचा शेवटचा मूळ रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे.

विषाणूला जात कळते का?

कळत नाही. पेशीवरचे कुलूप सगळ्या माणसांचे सारखेच आहे. मग मरण सारखे का वाटले जात नाही?

१९१८ मध्ये फ्लूची महासाथ आली. जूनमध्ये ती मुंबईत उतरली आणि रेल्वेने देशभर गेली. पावसाने दगा दिलेले वर्ष होते, धान्य महाग झाले होते. भारतात सव्वा कोटी किंवा त्याहूनही जास्त माणसे मेली. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता. मुंबई शहराच्या नोंदी जातवार ठेवल्या गेल्या. दर हजारी मृत्यू असे होते : युरोपियन सुमारे ८, पारशी ९, इतर हिंदू सुमारे १९, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हटले जाई ते सुमारे ६२.

विषाणू एकच होता. फरक होता एका खोलीत किती माणसे झोपतात यात, खिडकी आहे की नाही यात, पोटात अन्न किती यात, आजारी पडल्यावर पाणी द्यायला कोण आहे आणि दवाखान्याचे दार उघडते की नाही यात. हे आकडे वाचून झाल्यावर विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका काकांनी विचारले, "म्हणजे आपली माणसं विषाणूनं कमी अन् घरानं जास्त मारली?" मुलांच्या पुस्तकात याचे उत्तर लिहिलेले नाही. पण आकडे तेच सांगतात. म्हणून वस्तीत हवेशीर घरे, नळाचे पाणी, जवळचा चालू सरकारी दवाखाना यांची मागणी ही आरोग्याचीच मागणी आहे.

आजही एक गोष्ट आपल्याला विशेष जपली पाहिजे. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि जंतूंशी लढण्याचे बळ कमी होते. फ्लू किंवा कोरोना झाला तर त्यांच्या छातीत गंभीर गुंतागुंत होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जे फक्त वाहक आहेत, त्यांना सहसा असा त्रास नसतो. आपण रुग्ण आहोत की वाहक, हे रक्ताच्या तपासणीने कळते आणि ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

घरात एवढे नक्की करा

- श्वासाच्या आजाराची साथ असेल तेव्हा आजारी माणसाला शक्य तर वेगळ्या, खिडकी असलेल्या जागी झोपवा. एकच खोली असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा, मध्ये अंतर ठेवा आणि दोघांनीही मास्क लावा.
- ताप किती दिवसांचा झाला, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाचव्या दिवसानंतर जास्त लक्ष द्या.
- धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी, किंवा ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली, यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८.
- लहान मुलाला अचानक जोराचा ताप, उलटी, झटके किंवा बेशुद्धी आली तर रात्र असली तरी थांबू नका. घराच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, मुलांना मच्छरदाणीत झोपवा.
- सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल त्यांना विचारा.
- डॉक्टरने सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड घेऊ नका. "सुई लावा" असा हट्ट आपणही धरू नका.
- बाळाच्या लसीचे कार्ड जपून ठेवा, एकही लस चुकवू नका.
- मोबाइलवर आलेली औषधाची किंवा लसीची बातमी पुढे पाठवण्याआधी वस्तीतल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलाला, आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडेसे. आपल्या कितीतरी घरांत कॉलेजात विज्ञान शिकणारे पहिलेच मूल आहे. ते काय शिकते हे आपण विचारत नाही, आणि घरच्यांना काय कळणार असे समजून तेही सांगत नाही. वही परीक्षेपुरती राहते. मुलांनो, तुम्ही जे पाठ करता ते एकदा आपल्या आईला तिच्या भाषेत सांगून पाहा. तिला समजले तर तुम्हाला आले. आणि आई-वडिलांनो, आठवड्यातून एकदा मुलाला वही उघडायला लावा आणि मनात येईल तो प्रश्न विचारा.

आमच्याकडे त्या मुलीने आता विहारातल्या कपाटात दोन वस्तू आणून ठेवल्या आहेत, एक ऑक्सिमीटर आणि एक तापमापक. सोबत एक पाठकोरा कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे : ९४ च्या खाली गेले तर लगेच दवाखाना. ज्याला लागेल त्याने रात्रीही किल्ली मागावी, असे सगळ्यांना सांगून ठेवले आहे. आपल्या वस्तीतही हे करता येईल.